तुला वगळून आम्ही

मंगळवारी दुपारी पाऊण वाजता देवदत्त तोरसकरच्या उशाशी लावलेल्या पडद्यावर दोन वाक्यं उमटली.

‘तो कसा आहे? तो शाळेत जातो का?’

प्रणिता खिडकीपाशी बसून डबा खात होती. घास तिच्या हातातच राहिला. तिने वाक्यं पुन्हा वाचली आणि पलंगावरच्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा रोजच्यासारखाच होता, छताकडे लागलेला, कशाचीच खूण नसलेला.

त्यांना एकच मूल होतं, ओवी. नऊ वर्षांची, सध्या मालवणला आजीजवळ. मुलगा नव्हता. निदान प्रणिताला ठाऊक असलेला तरी नव्हता.

“कोण तो?” तिने जवळ जाऊन विचारलं. “देवदत्त, कुणाबद्दल विचारतोयस?”

पडदा थोडा वेळ कोरा राहिला. मग त्यावर आलं, ‘तो. तो बरा आहे ना?’

आठ महिन्यांपूर्वी ‘सागरिका नोव्हा’ या मालवाहू जहाजाच्या इंजिनरूमला आग लागली होती. जहाजावर माणसं अकराच. बाकीचा कारभार यंत्रं पाहायची आणि यंत्रांवर देखरेख किनाऱ्यावरच्या एका नियंत्रण कक्षातून व्हायची. अशी आग विझवायची रीत जुनीच आहे. इंजिनरूमची सगळी दारं बंद करायची आणि आत कार्बन डायऑक्साइड सोडायचा. हवा संपली की आग मरते. आत राहिलेला माणूसही मरतो. त्या दिवशी आत तीन माणसं राहिली होती, तिघंही फिलिपिन्सची. चौथा देवदत्त, सेकंड इंजिनियर. तो दारापाशी असताना स्फोटाने शिडीवरून फेकला गेला आणि मेंदूच्या देठाला मार बसला. तेव्हापासून तो खारघरच्या या पुनर्वसन केंद्रात होता. हात, पाय, जीभ, इतकंच काय पापणीसुद्धा त्याच्या मर्जीने हलत नव्हती. मात्र त्याला ऐकू येत होतं आणि कळत होतं, हे तपासण्यांवरून डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं.

तीन आठवड्यांपूर्वी कंपनीच्याच पुढाकाराने त्याला ‘वाचा’ बसवण्यात आली. कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ जाळी, मेंदूच्या पृष्ठभागावर अंथरलेली. माणूस मनातल्या मनात शब्द म्हणतो तेव्हा तोंड हलत नसलं तरी तोंड हलवायची तयारी मेंदूत होतच असते. ती पुसट तयारी जाळी टिपते, यंत्र तिचे शब्द करतं आणि पडद्यावर लिहितं. सात महिन्यांच्या मौनानंतर पडद्यावर पहिल्यांदा ‘पाणी’ हा शब्द उमटला, तेव्हा प्रणिता व्हरांड्यात जाऊन रडली होती.

आता ती त्याच पडद्याकडे संशयाने पाहत होती.

डॉ. आगाशे संध्याकाळच्या फेरीला आल्या. पन्नाशीच्या, मृदू बोलणाऱ्या, काही अवघड सांगायचं असलं की चष्मा काढून हातात धरणाऱ्या. आज त्यांनी तो आल्या आल्याच काढला.

“एक गोष्ट मी तुम्हाला आधीच सांगायला हवी होती,” त्या म्हणाल्या. “हे मराठीत विचार करत नाहीयेत. टागालोगमध्ये करताहेत.”

“म्हणजे?”

“फिलिपिन्सची भाषा. चौदा वर्षं तिथल्याच माणसांबरोबर काम केलं ना त्यांनी? इंजिनरूममध्ये तीच बोलत असणार. दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या मेंदूला इजा झाली की कधीकधी एकच भाषा परत येते. कोणती, ते इजा कुठे झाली यावर ठरतं. कोणती जवळची, यावर नाही.”

शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम जोडलं, हे प्रणिताला कळलं. त्यावर तिचा विश्वास बसला नाही, हे बहुधा डॉक्टरांनाही कळलं.

“मग पडद्यावर मराठी कुठून येतं?”

“भाषांतर होतं. टागालोगचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी.”

प्रणिताचं मालवणच्या बाजारात औषधांचं दुकान होतं. चिठ्ठीवरचं अक्षर लागलं नाही तर अंदाजाने औषध द्यायचं नाही, डॉक्टरला फोन करून विचारायचं, ही तिची अठरा वर्षांची सवय. नवऱ्याचं बोलणं आपण तिसऱ्या हातून वाचतोय हे कळल्यावर तिला चैन पडेना.

अपघातानंतर जहाजावरच्या माणसांच्या बायकांनी फोनवर एक गट केला होता. पहिल्या महिन्यात त्यावर फोटो, प्रार्थना, विचारपूस चालायची. मग तो थंडावला. त्यातलं एक नाव प्रणिताला आठवत होतं. मारिलू, फिलिपिन्समधल्या बातांगासची. तिचा नवरा रोदेल इंजिनरूममध्ये ऑइलर, म्हणजे यंत्रांना वंगण घालणारा, होता आणि आत राहिलेल्या तिघांमधला एक होता. देवदत्तच्या प्रत्येक सुट्टीत रोदेलची एक तरी गोष्ट निघायचीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणिताने व्हरांड्यातून तिला फोन लावला. स्क्रीनवर एक गोल चेहऱ्याची, केस घट्ट बांधलेली बाई आली. मागे कुठेतरी कोंबडे ओरडत होते. फोनने आपणहून भाषांतर सुरू केलं, ते दोघींनी मिळून बंद केलं आणि मोडक्या इंग्रजीत बोलायला लागल्या.

“‘तो’ला तुमच्यात काय म्हणतात?” प्रणिताने विचारलं.

“सिया.”

“आणि ‘ती’ला?”

“सिया.”

प्रणिताला वाटलं, तिला प्रश्न कळला नाही. तिने बोटाने एकदा स्वतःकडे दाखवलं, मग दारातून दिसणाऱ्या देवदत्तकडे. मारिलू हसली. आठ महिन्यांत कदाचित फारशी हसली नसावी, कारण हसू अर्धवटच राहिलं.

“बाई असो, पुरुष असो, सिया. आमच्यात वेगळं नाही, आते.”

आते म्हणजे ताई, हे तिने मागाहून सांगितलं. पण प्रणिताचं तिकडे लक्षच नव्हतं. ती धावत खोलीत गेली, देवदत्तच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, “ओवी बरी आहे. शाळेत जाते. परवा तिला कबड्डीत घेतलं.”

पडदा बराच वेळ कोरा राहिला. मग त्यावर ‘तो’ एवढंच आलं. थोड्या वेळाने पुन्हा ‘तो’.

तिने ठरवलं, ही भाषा शिकायची. सगळी नाही जमली तरी निदान इतकी, की कोण कोणाबद्दल बोलतंय ते कळावं. मारिलू रोज सकाळी दहा वाजता फोनवर यायची आणि प्रणिता देवदत्तच्या पलंगाशेजारीच स्टुलावर बसून शिकायची. त्याच्या कानावर पडू दे, त्यालाही बरं वाटेल, असं तिला वाटलं. ते केवढ्याला पडणार आहे, याची तेव्हा तिला कल्पना नव्हती.

आको म्हणजे मी. इकाव म्हणजे तू. सिया. सिला म्हणजे ते किंवा त्या. वहीत ती डावीकडे टागालोग लिहायची आणि उजवीकडे मराठी. ‘आम्ही’पाशी मारिलू थांबली आणि अपराध्यासारखी म्हणाली, “इथे परदेशी माणसं फार गोंधळतात. आमच्यात दोन आहेत. तायो म्हणजे मी, बाकीचे आणि तू पण. कामी म्हणजे मी आणि बाकीचे, तू सोडून.”

“आमच्यातही दोन आहेत!” प्रणिता जवळजवळ ओरडलीच. “आपण आणि आम्ही. आपण जेवू या म्हटलं की तू पण ये. आम्ही जेवतो म्हटलं की तू बस बाहेर.”

“देव म्हणूनच इतकं चांगलं बोलायचा,” मारिलू म्हणाली. देवदत्तला जहाजावर सगळे देवच म्हणायचे. “रोदेल सांगायचा, हा एकटाच तायो आणि कामी कधी चुकत नाही.”

त्या दिवशी फोन ठेवल्यावर प्रणिता बराच वेळ नवऱ्याशेजारी बसून राहिली. “तायो,” ती हळूच म्हणाली. “देवदत्त, तायो. ओवी, तू आणि मी.”

उत्तर आलं नाही.

डॉ. आगाशेंकडे तिने मागणी केली की भाषांतर न झालेला, मूळ मजकूर मला दाखवा. डॉक्टरांनी आढेवेढे घेतले, मग पडद्याचं एक सेटिंग बदललं. ‘तो कसा आहे? तो शाळेत जातो का?’ हे मंगळवारचं बोलणं पुन्हा समोर आलं, या वेळी टागालोगमध्ये. आणि या वेळी सगळी अक्षरं सारख्या रंगाची नव्हती. ‘सिया’ हा शब्द दोन्ही वाक्यांत काळाभोर होता. बाकीचे शब्द इतके फिके की पडद्याला नाक लावून वाचावे लागत होते.

“हे काय?”

“गडद शब्द जाळीने स्पष्ट टिपलेले,” डॉक्टर म्हणाल्या. “फिके शब्द यंत्राने भरलेले. फोनवर तुम्ही एक शब्द लिहिता आणि तो पुढचा सुचवतो ना, तसंच. नातेवाईकांना हा फरक दिसला की त्रास होतो, म्हणून आम्ही सगळं एका रंगात दाखवतो.”

“म्हणजे शाळेचं तो म्हणालाच नाही?”

“म्हणाले असतील. यंत्राला तसं वाटलं. माणूस दिवसातून हजारदा मी, तू, आम्ही, ते म्हणतो. त्या शब्दांचा मेंदूत खोल, ठसठशीत माग तयार होतो, तो शंभरातून सत्त्याण्णव वेळा बरोबर सापडतो. शाळा, दार, आग हे शब्द त्यामानाने विरळ. तिथे अंदाज चालतो.”

प्रणिताने तीन आठवड्यांचा सगळा मजकूर मागून घेतला आणि पानं उलटत गेली. पाणी, उकाडा, आईची आठवण, तिच्या हातची सोलकढी, ज्या ज्या वाक्यांवर ती रडली होती ती सगळी फिकी होती. त्या फिक्या मजकुरात इथे तिथे काळे ठिपके पडावेत तशी सर्वनामं. सिया. आको. सिला. सिया. आणि सगळ्यांत जास्त, जवळजवळ प्रत्येक पानावर, कामी. कामी, कामी, कामी.

तुला वगळून आम्ही.

तायो कुठेच नव्हतं.

त्याच आठवड्यात कॅप्टन सबनीस आले. कंपनीच्या नियंत्रण कक्षाचे प्रमुख. अपघातानंतर रुग्णालयात पहिला पोचलेला माणूस तेच होते, आणि प्रणिताला ‘वहिनी’ म्हणायचे. त्यांनी फळांची करंडी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसले.

“वहिनी, चौकशी समितीपुढे एक कागद जाणार आहे. तुम्ही तो आधी पाहावा असं मला वाटलं.”

कागदावर पंधरवड्यापूर्वी ‘वाचा’ने नोंदवलेली दोन वाक्यं होती. ‘आम्ही दार लावलं. आम्ही गॅस सोडला.’ खाली शिक्का. नव्या कायद्यानुसार ‘वाचा’वरचं बोलणं जबानी म्हणून ग्राह्य धरलं जाई.

“त्या क्षणी ज्याला जे सुचलं ते त्याने केलं,” सबनीस मऊ आवाजात म्हणाले. “आम्ही कोणी देवदत्तला दोष देत नाही. पण आत माणसं आहेत हे न मोजता त्याने दार लावून घेतलं, हे आता त्यानेच सांगितलंय.”

“यंत्राने सांगितलंय,” प्रणिता म्हणाली.

“त्याच्याच डोक्यातलं ना?”

ते गेल्यावर तिने मूळ मजकूर काढला. दोन्ही वाक्यांत एकेकच शब्द गडद होता. कामी. ‘दार’ फिकं, ‘लावलं’ फिकं, ‘गॅस’ फिका. डॉ. आगाशेंना तिने सरळच विचारलं, यंत्र हे अंदाज कशाच्या जोरावर करतं? पेशंट कोण, कुठला, त्याच्यावर काय प्रसंग आला, याचं एक टिपण यंत्राला आधी दिलेलं असतं, त्या म्हणाल्या. त्याने अंदाज सुधारतो.

“देवदत्तचं टिपण कोणी दिलं?”

“कंपनीने. अपघाताचा त्यांचा अहवाल.”

म्हणजे कंपनीने आपलं म्हणणं यंत्राच्या कानात आधी सांगून ठेवलं होतं, आणि यंत्राने ते देवदत्तच्या तोंडी घातलं होतं. त्यात त्याचा म्हणावा असा शब्द एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो शब्द मारिलूसमोर ठेवला. मारिलूने विचारलं, “नक्की कामी? नामिन नाही?”

“फरक काय?”

“खातो, जातो, बसतो, तिथे कामीच. पण एखादं ठरलेलं दार, ते दार आम्ही लावलं, असं सांगायचं तर कोणीही नामिन म्हणेल. आमच्या हातून झालं ना, म्हणून नामिन. कामी आलं तर मला वाटेल, आम्ही कुठेतरी होतो. किंवा आमच्यावर कोणीतरी काहीतरी केलं.” ती थांबली. “आते, देव म्हणत असेल, आम्ही आत होतो. आमच्यावर दार लावलं.”

मागचे कोंबडे ओरडत राहिले. मारिलूने पदराने पुसावे तसे सदऱ्याच्या टोकाने डोळे पुसले आणि म्हणाली, “रोदेल तेव्हा जिवंत होता म्हणजे.”

चौकशी समितीची बैठक केंद्रातल्याच सभागृहात झाली. अध्यक्ष निवृत्त नौदल अधिकारी होत्या, श्रीमती पालेकर, कोरड्या पण लक्ष देऊन ऐकणाऱ्या. प्रणिताने आपली वही, मूळ मजकूर आणि मारिलूची जबानी पुढे ठेवली. तिचं बोलणं संपेपर्यंत सबनीस खाली मान घालून ऐकत होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, तोही डॉक्टरांना.

“माणूस मनात बोलतो आणि लक्षपूर्वक ऐकतो, या दोन्ही वेळी मेंदूचा तोच भाग थोडाफार जागा होतो, खरं ना?”

डॉ. आगाशेंनी चष्मा काढला. “खरं आहे.”

“आणि मिसेस तोरसकर गेले कित्येक दिवस रोज सकाळी पेशंटच्या कानाशी हीच सर्वनामं मोठ्याने म्हणत बसतात.”

तो कागद तर शिकवणीच्या आधीचा होता, हे प्रणिताने सांगितलं. पालेकरांनी ते लिहूनही घेतलं. पण एका शब्दावर आणि एका विधवेच्या व्याकरणावर मी निर्णय देऊ शकत नाही, असं त्या म्हणाल्या. पुन्हा जबानी घ्यायची. कंपनीचं टिपण काढून टाकायचं, फिके शब्द बंद ठेवायचे. आणि त्याआधी कानात शिरलेलं सगळं विरून जाण्यासाठी अकरा दिवस पेशंटशी कोणीही एक शब्द बोलायचा नाही. कोणत्याही भाषेत. आत्तापासून.

“मी त्याला एवढं सांगून येते,” प्रणिता उठली. “की मी येणार नाही, आणि का येणार नाही.”

“का ते सांगितलंत, तर जबानीचा विषयच त्यांच्या कानात घातल्यासारखं होईल,” डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाल्या. “मग हेही बाद.”

“नुसतं येते म्हणून सांगते.”

पालेकरांनी नकारार्थी मान हलवली. “तुमची तयारी नसेल तर नको. आहे त्या कागदावर प्रकरण बंद करू.”

त्या कागदावर देवदत्तने तीन माणसं मारली होती. प्रणिता खाली बसली. “तयारी आहे,” ती म्हणाली.

खोलीच्या दाराला वरच्या अर्ध्यात काच होती. नर्सेस आत जात, नळ्या तपासत, कूस बदलत आणि तोंड न उघडता बाहेर येत. दोन-तीनदा तर त्यांनी पायातले बूटही काढून ठेवले. प्रणिता काचेपाशी उभी राहायची. तिथून पडदा दिसत असे. फिके शब्द आता बंदच होते, त्यामुळे पडदा बहुतेक वेळ पांढरा असायचा.

पहिल्या दिवशी संध्याकाळी त्यावर आलं, ‘इकाव’.

तू. थोड्या वेळाने पुन्हा, ‘इकाव’. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, शिकवणीच्या ठोक्याला, एकामागोमाग एक सात वेळा. प्रणिता ओठ घट्ट मिटून उभी राहिली. दारापासून त्याचं डोकं आठ-दहा पावलांवर होतं. तिने काचेला तळहात लावला, जणू ते त्याला दिसणार होतं.

“पुरे करा,” ती डॉक्टरांना म्हणाली. “तो मला हाक मारतोय.”

“कदाचित,” डॉक्टर म्हणाल्या. “तुम्ही म्हणाल तेव्हा मी थांबवीन. ठरवायचं तुम्हाला आहे.”

तिने ठरवलं नाही, म्हणजे थांबवलं नाही. मालवणहून ओवीचा फोन यायचा, बाबा काय म्हणतात, आणि ती सांगायची, झोपलेत. मारिलूचा यायचा तो मात्र ती घ्यायची नाही. त्या बाईच्या नवऱ्यासाठीही आपण हे करतोय, असं ती मनाशी घोकायची आणि तेवढ्यावर तो दिवस निभायचा.

चौथ्या दिवसापासून ‘इकाव’ थांबलं. मग एकदोनदा ‘आको’ आलं, मी, आणि एकदा ‘सिला’. आठव्या दिवशी पडद्यावर काहीच आलं नाही. नवव्या दिवशीही नाही. डॉ. आगाशेंनी आलेख पाहिले आणि चष्मा हातात धरून सांगितलं, माग पुसट होत चाललाय. कोणी बोललं नाही की बोलायची तयारी करणंही मेंदू हळूहळू सोडून देतो. परत येईल की नाही सांगता येत नाही.

“दोनच दिवस राहिलेत,” प्रणिता म्हणाली. स्वतःचा आवाज तिला अनोळखी वाटला.

बाराव्या दिवशी सकाळी अकरा वाजता सगळे खोलीत जमले. पालेकर, त्यांचा लेखनिक, डॉ. आगाशे, कॅप्टन सबनीस, टागालोग येणारा एक दुभाषा आणि प्रणिता. ती दाराजवळच्या कोपऱ्यात उभी राहिली. जबानी संपेपर्यंत तिने बोलायचं नव्हतं. देवदत्त अकरा दिवसांत आणखी वाळला होता. आपण आलोय हे त्याला कळलं असेल का, पावलांवरून, वासावरून, हेच ती पाहत राहिली.

दुभाष्याने वाकून, संथपणे, एकेक शब्द सुटा करत विचारलं, “सिनो आंग नागसारा नांग पिंतो?”

दार कोणी लावलं?

अकरा दिवसांनी त्याच्या कानावर पडलेले हे पहिले शब्द.

मिनिट गेलं. पडदा पांढराच होता. सबनीसांनी घड्याळ पाहिलं. दुभाष्याने डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी थांबायची खूण केली. आणखी दोन मिनिटं गेली असतील. मग पडद्याच्या मधोमध एकच शब्द उमटला. इतका गडद की पानावर शाई सांडल्यासारखा.

‘कायो’.

“तुम्ही,” दुभाषा म्हणाला. “अनेकांना उद्देशून. तुम्ही सगळ्यांनी.”

सबनीस उभे राहिले. चेहरा पांढराफटक पडला होता. “आत माणसं आहेत हे आम्हाला दिसतच नव्हतं,” ते म्हणाले. “तिथे हलणारं काही दाखवतच नव्हतं आम्हाला.”

लेखनिकाची बोटं थांबली. पालेकरांनी चष्म्यावरून वर पाहिलं.

“आम्हाला म्हणजे कोणाला, कॅप्टन?”

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. नियंत्रण कक्षाच्या ज्या नोंदी आगीत नष्ट झाल्याचं सांगितलं होतं, त्या किनाऱ्यावरच सापडल्या. आग लागल्यापासून चाळिसाव्या सेकंदाला दार किनाऱ्यावरून लावण्यात आलं होतं. त्या क्षणी देवदत्त इंजिनरूमच्या आतल्या बाजूला होता, तिघांना बाहेर काढायला वळलेला. मग झालेल्या स्फोटाने दार उचकटलं आणि तो एकटाच बाहेर फेकला गेला, म्हणून वाचला. समितीने त्याला पूर्ण निर्दोष ठरवलं. नियंत्रण कक्षाला टाळं लागलं आणि सबनीसांवर खटला उभा राहिला. वर्तमानपत्रांत पडद्याचं छायाचित्र आलं. एका शब्दाची साक्ष, असा मथळा होता.

देवदत्त त्यानंतर एकही शब्द बोलला नाही.

प्रणिता रोज त्याच्याजवळ बसून बोलायची, मराठीत आणि येईल तेवढ्या टागालोगमध्ये. अकरा दिवसांचं सगळं तिने त्याला सांगितलं. का गेले, कुठे उभी होते, काचेतून काय दिसत होतं. पडदा पांढराच राहिला. डॉ. आगाशे म्हणाल्या, ऐकू येत असेल. याहून जास्त त्या काही म्हणाल्या नाहीत.

तिने कोणाला सांगितलं नव्हतं, पण त्या एका शब्दाने तिची झोप उडाली होती. कायो. तुम्ही सगळ्यांनी. कोणत्या दाराबद्दल विचारलं ते दुभाष्याने सांगितलं नव्हतं. जहाजाचं दार, असं खोलीतल्या प्रत्येकाने धरून चाललं. पण त्याच्या पलंगापासून आठ-दहा पावलांवर दुसरं एक दार होतं. अकरा दिवस बंद राहिलेलं. आणि शब्द उमटला तेव्हा खोलीत सबनीस एकटे नव्हते.

निकाल लागल्याच्या तिसऱ्या दिवशी मारिलूचा फोन आला. तिच्या घरी माणसं जमली होती, मागे कोणीतरी गात होतं. रोदेलच्या फोटोपुढे फुलं होती. ती रडत होती आणि हसतही होती, आणि या वेळी हसू अर्धवट नव्हतं.

“आते, तू तिथे होतीस ना खोलीत?” तिने विचारलं. “मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. देव कोणाला म्हणाला ते?”

प्रणिताने पलंगाकडे पाहिलं. मग फोनमधल्या त्या आनंदी, सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. तिला येणाऱ्या मोजक्या शब्दांतून योग्य शब्द निवडायला तिला थोडा वेळ लागला.

“सिला,” ती म्हणाली. “त्यांना.”